माडाचा गूळ आणि त्याचे प्रतिनिधी

गेल्या भाद्रपदांत आमच्या घरीं एक लहानसा पेंच उभा राहिला. आमच्या मातोश्रींचें माहेर गोव्यांतील बारदेशांतलें. त्यामुळें गणेशचतुर्थीस मोदकांबरोबर हळदीच्या पानांतील पातोळ्या आणि हरभऱ्याच्या डाळीचें मणगणें हे पदार्थ आमच्याकडे व्हावयाचेच, आणि तेहि माडाच्या गुळानें व्हावयाचे. मातोश्री होत्या तोंवर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारांतून तो काळसर, शंकूच्या आकाराचा गूळ कोणाच्या तरी हातीं येऊन पोंचत असे. त्यांच्या पश्चात् वर्ष उलटल्यावर जी पहिली चतुर्थी आली, तेव्हां गुळाचा डबा रिकामा निघाला. बाजारांत शोध केला तों 'नारळाची साखर' या नांवाचें एक देखणें पाकीट मिळालें. त्याची किंमत पाहून आम्ही तें परत ठेविलें. दुसऱ्या दुकानीं हुबेहूब शंकूच्या आकाराचा गूळ मिळाला, पण जिभेवर ठेवितांच तो उंसाचा ठरला. कुटुंबानें विचारिलें, "मग ह्याच्या जागीं घालूं तरी काय?" इतिहासाच्या अध्यापनांत हयात घालविलेल्या आम्हांस त्या प्रश्नाचें उत्तर देतां आलें नाहीं. तें शोधतां शोधतां जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों. चुलीपाशींचा विषय या पानांत आणिल्याबद्दल ते आम्हांस क्षमा करतील अशी आशा आहे.

प्रथम वस्तूचें स्वरूप पाहूं. नारळाची साखर नारळापासून होत नाहीं. माडाची न उमललेली पोय बांधून, ठेंचून, तिचें टोंक रोज कोयत्यानें तासलें म्हणजे तिच्यांतून गोड रस ठिबकूं लागतो. हा रस कांहीं तासांतच आंबतो; मग ती माडी होते. गूळ करावयाचा असल्यास मडक्यास आंतून चुना लावितात, म्हणजे आंबणें लांबतें, आणि रस उतरवितांच तो कढईंत आटवितात. सुमारें सात-आठ लिटर रसापासून एक किलो गूळ निघतो. म्हणजे या गुळांत झाडावर दोन वेळां चढणाऱ्या माणसाचे श्रम आहेत, आणि ढीगभर सरपणहि आहे. पोय गुळासाठीं तासली म्हणजे तिला नारळ लागत नाहींत, हीहि किंमत त्यांत धरली पाहिजे.

या गुळाचा जुना व विश्वसनीय उल्लेख पाहावयाचा तर गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याच्या ग्रंथाकडे जावें लागतें. हा ग्रंथ १५६३ सालीं गोव्यांतच छापला गेला. त्यांत माडाचें वर्णन करितांना सुरेपासून होणाऱ्या साखरेस 'जागरा' म्हणतात असें त्यानें नमूद केलें आहे. त्याच्यामागून १५८३ ते १५८८ पर्यंत गोव्यास आर्चबिशपाच्या पदरीं राहिलेला डच तरुण लिन्सखोतेन यानें आपल्या १५९६ सालच्या प्रवासवर्णनांत याच जागऱ्याविषयीं एक मार्मिक गोष्ट लिहून ठेविली. तो म्हणतो त्याचा मथितार्थ असा कीं, ही साखर तपकिरी असल्यामुळें, आणि या देशांत पांढऱ्या साखरेची रेलचेल असल्यामुळें, तिची फारशी मातब्बरी नाहीं.

आम्हांस हें वाक्य वाचून प्रथम हंसू आलें, आणि मग विचार पडला. आज ज्या वस्तूचा प्रतिनिधी आम्ही शोधीत फिरतों, ती सव्वाचारशें वर्षांपूर्वीं स्वतःच पांढऱ्या साखरेची गरीब प्रतिनिधी होती! ज्यास साखर परवडत नसे त्यानें जागरा खावा, असा तो काळ. नांवाची कथा तर याहून मौजेची आहे. संस्कृत 'शर्करा' शब्द मल्याळींत 'चक्कर' झाला, पोर्तुगीजांच्या तोंडीं 'जागरा' झाला, आणि त्यावरून इंग्रजींत 'जॅगरी' आला. आरंभीं त्याचा रोख ताड-माडांच्या गुळाकडे होता. आज जॅगरी म्हटलें कीं इंग्रजी वाचकासमोर उंसाच्या गुळाची ढेप उभी राहते. जागा गेली ती गेलीच, पण नांवहि उंसानें नेलें.

ही जागा कशी गेली? एक कारण सरकारी आहे. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानें माडाचा रस काढणें परवान्याच्या आणि कराच्या कक्षेंत आणिलें. त्याच सालीं डिसेंबरांत झालेल्या इंग्रज-पोर्तुगीज करारानें गोव्यांतहि अबकारीची तशीच पद्धति शिरली. तो करार १८९२ पर्यंत चालला. ज्या झाडावर कर भरावयाचा, त्याचा रस दिवसभर आटवून गूळ करण्यापेक्षां माडी म्हणून विकणें अधिक किफायतीचें, हा हिशेब उघड आहे. दुसरें कारण व्यापारी. आमच्या आजोबांच्या पिढीच्या तोंडीं 'मोरस साखर' हा शब्द असे. मॉरिशसहून येणारी ती पांढरी साखर कोंकणच्या बंदरांतून घरोघर गेली. पुढें १९३२ सालीं देशी साखरधंद्यास जकातीचें संरक्षण मिळालें, आणि १९५० नंतर प्रवरेच्या कांठापासून सहकारी कारखान्यांची मालिका सुरू झाली. उंसाचा गोडवा इतका स्वस्त झाला कीं माडावर चढण्याचें प्रयोजनच उरेना. गांधीजींनीं १९३४ सालीं स्थापिलेल्या ग्रामोद्योग संघानें ताडगुळाचा पुरस्कार केला खरा. परंतु मुंबई इलाख्यांत १९४९ चा दारूबंदीचा कायदा आल्यावर गोड नीरादेखील परवान्यावांचून काढणें अशक्य झालें.

आतां कुटुंबाच्या प्रश्नाकडे वळूं. वस्तु न मिळाल्यास तिच्या जागीं काय घ्यावें, हा प्रश्न आमच्या पूर्वजांनीं फार गंभीरपणें चर्चिला आहे. मात्र तो स्वयंपाकघरांत नव्हे, यज्ञमंडपांत. जैमिनीच्या सहाव्या अध्यायाच्या तिसऱ्या पादांत प्रतिनिधीचा विचार आहे. व्रीहि न मिळाल्यास नीवार घ्यावे, कारण ते व्रीहींशीं सदृश आहेत. नीवारहि संपले तर? तर नीवारांसारखें कांहीं न शोधतां पुन्हा व्रीहींसारखेंच शोधावें. प्रतिनिधीचा प्रतिनिधि करूं नये. आम्हांस वाटतें, पाकशास्त्रावरील पुष्कळ पुस्तकांस हा एक नियम ठाऊक असता तर पुष्कळ पदार्थ वांचले असते. गूळ नाहीं म्हणून तपकिरी साखर, ती नाहीं म्हणून पांढरी, तीहि नको म्हणून मध, अशा पायऱ्या उतरत गेल्यास शेवटीं पानांत जें पडतें त्याचें मूळ पदार्थाशीं नातें राहत नाहीं. दर वेळीं मुळाकडे जाऊन विचारावें कीं, येथें माडाचा गूळ काय काम करीत होता? गोडी, रंग, वास, कीं ओलावा?

या कसोटीनें आम्ही तीन रविवार प्रयोग केले. पातोळ्यांत वास हाच प्राण. हळदीच्या पानाच्या वासास तोलून धरणारा धुरकट, किंचित् कडसर गोडवा तेथें हवा. त्यास सर्वांत जवळचा ताडगूळ, तोहि समभाग. बंगाल्यांचा खजुरी गूळ वजनास चालतो, पण स्वतःच्या वासानें हळदीस झांकून टाकतो. मणगण्यांत नारळाच्या रसाचा रंग आणि दाटपणा मुख्य; तेथें उंसाचा गूळ समभाग चालतो, मात्र तो गडद रंगाचा घ्यावा. पिवळाधमक गूळ पुष्कळदां रसायनानें उजळलेला असतो. गूळ थोड्या पाण्यांत विरघळवून, गाळून, आंच कमी केल्यावर घालावा. उकळी जोराची असल्यास नारळाचें दूध फुटतें. शेजारच्या ख्रिस्ती बाईंनीं दोदोलाबद्दल सांगितलें कीं, त्याचा काळा रंग आणि चिवटपणा पांढऱ्या साखरेनें कधींच यावयाचा नाहीं. आम्हीं ताडून पाहिलें, त्यांचें म्हणणें खरें आहे.

भट्टीच्या पदार्थांचा न्याय निराळा. केकांत पाकिटांतील नारळाची साखर सांगितली असेल तर तपकिरी साखर समभाग घालावी, अथवा वाटीभर पांढऱ्या साखरेंत मोठा चमचाभर काकवी कालवावी. रंग व ओलावा दोन्ही साधतात. गूळ घातल्यास तो बारीक किसून चाळावा, नाहींतर केकांत खडे राहतात. मध घालणें झाल्यास पाऊण भागच घालावा, इतर द्रव थोडा कमी करावा आणि आंचहि मंद ठेवावी, कारण मधानें केक लवकर करपतो. मधुमेहाच्या भयानें नारळाची साखर घेणाऱ्यांस मात्र इतकेंच सांगावेंसें वाटतें कीं, तींतील बहुतेक भाग उंसाच्या साखरेंत असतो तोच आहे. पाकिटावरील स्तुतीनें रोग फसत नाहीं.

चौथ्या रविवारीं केलेल्या पातोळ्या आम्ही ताडगुळानें केल्या. कुटुंबानें एक तोडून चाखिली आणि म्हणाली, "जवळ आली, पण आईंची नव्हे." आम्ही कांहीं बोललों नाहीं. जैमिनीनें त्याच पादांत आणखी एक गोष्ट सांगितली आहे: द्रव्यास प्रतिनिधि चालतो, देवता, अग्नि, मंत्र आणि क्रिया यांस चालत नाहीं. माडाच्या गुळाच्या जागीं घालावयास द्रव्यें चार-पांच मिळतात, तीं आम्हीं वर सांगितलीं. पण पहांटे कमरेस कोयती खोंचून माडावर चढणारा रेंदेर गांवोगांव विरळ होत चालला आहे, आणि त्याची क्रिया पाकिटांत भरून येत नाहीं. येत्या चतुर्थीच्या आधीं आम्ही स्वतः म्हापशास जाणार आहों. शुक्रवारच्या बाजारांत कोणी म्हातारा अजून शंकूच्या आकाराचा गूळ मांडून बसला असेल, तर त्याशीं घासाघीस न करतां तो विकत घ्यावा, आणि तो कोणत्या माडाचा आहे हें त्यास विचारावें, असा आमचा बेत आहे.