जिल्ह्याचे नाव बदलले, सर्व्हरवरचे राहिले : वेब सेवांतील बिघाडांचे निदान

खरीप पीकविम्याचा अर्ज भरण्याची मुदत साधारणतः ३१ जुलैला संपते. त्या दिवशी कळंब, भूम, परांडा, उमरगा अशा तालुक्याच्या गावी आपले सरकार सेवा केंद्रासमोर लागलेली रांग दोन शब्दांनी थिजते : ‘सर्व्हर डाऊन’. धाराशिव जिल्ह्यातील कोरडवाहू शेतकऱ्याला हे शब्द आता पाऊस आणि बाजारभाव यांच्याइतकेच परिचयाचे झाले आहेत. मात्र हे शब्द म्हणजे निदान नव्हे. ‘अंगात ताप आहे’ म्हटल्याने रोग कळत नाही, तसेच हे आहे. अनेकदा सर्व्हर व्यवस्थित चालू असतो. त्यावर बसवलेल्या सेवेची मांडणी, म्हणजेच कॉन्फिगरेशन, कुठेतरी चुकलेली असते आणि ती चूक नेमकी कुठे आहे हे सर्व्हर स्वतःच एका आकड्याने सांगत असतो. तो आकडा वाचला जात नाही, एवढेच.

संकेतस्थळ आणि वेब सेवा यांत फरक आहे. संकेतस्थळ माणसाने वाचायचे असते; वेब सेवा एका संगणकप्रणालीने दुसरीला विचारायची असते. अर्ज भरून घेणारी प्रणाली जमिनीच्या नोंदी ठेवणाऱ्या प्रणालीकडे गट क्रमांक पाठवते आणि खातेदाराचे नाव व क्षेत्र परत मागते. महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८ पासून आणि ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झाली. त्यानंतर अशा परस्पर विचारणांचे जाळे दाट होत गेले. माणसाला पत्ता किंचित चुकलेला दिसला तर तो अंदाजाने घर शोधतो. यंत्राला अंदाज नसतो. एक अक्षर इकडचे तिकडे झाले की संवाद तुटतो.

नेमका हाच प्रश्न या जिल्ह्याच्या बाबतीत एका वेगळ्या कारणाने उभा राहिला. निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून पडलेले ‘उस्मानाबाद’ हे नाव बदलून ‘धाराशिव’ करण्यास केंद्राने २४ फेब्रुवारी २०२३ रोजी संमती दिली. जिल्हा व तालुक्यांच्या स्तरावरील राज्याची अधिसूचना १५ सप्टेंबर २०२३ ला निघाली. मुंबई उच्च न्यायालयाने ८ मे २०२४ रोजी त्याविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच वर्षी २ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेपास नकार दिला. कागदावर विषय मिटला. संगणकाच्या दृष्टीने मात्र जिल्ह्याचे नाव एका जागी नसते. ते संकेतपत्त्यात असते, सुरक्षा प्रमाणपत्रात असते, माहितीसाठ्याच्या तक्त्यात असते, सेवेच्या वर्णनात असते आणि कुणा प्रोग्रामरने घाईत थेट प्रोग्राममध्ये लिहून ठेवलेल्या ओळीतही असते. यांपैकी चार ठिकाणी बदल झाला आणि पाचव्या ठिकाणी राहिला, तर सेवा बंद पडण्यास तेवढे पुरेसे होते.

नावाचा प्रवास

समजा, एका सेवेचा पत्ता जुन्या नावावरून नव्या नावावर न्यायचा आहे. पहिली पायरी डीएनएसची, म्हणजे नावावरून आकडी पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेची. डीएनएसमधील प्रत्येक नोंदीला आयुर्मान दिलेले असते. ते ८६,४०० सेकंद असेल तर देशभरातील मधले सर्व्हर जुनी नोंद पूर्ण एक दिवस जवळ बाळगू शकतात. म्हणून पत्ता बदलण्याच्या एक-दोन दिवस आधीच हे आयुर्मान ३०० सेकंदांवर आणून ठेवायचे असते. हे न करता मध्यरात्री बदल केला की सकाळी तुळजापुरात सेवा चालते आणि लोहाऱ्यात चालत नाही, अशी स्थिती निर्माण होते. यात आणखी एक फसवी गोष्ट असते. ज्याने सेवा बसवली, त्याच्या स्वतःच्या संगणकातील ‘होस्ट्स’ नावाच्या फाइलमध्ये चाचणीसाठी नवा पत्ता आधीच लिहिलेला असतो. त्यामुळे ‘माझ्याकडे तर चालते आहे’ हे त्याचे विधान खरे असूनही निरुपयोगी असते.

नावाची यंत्रणाच कोलमडली तर काय होते, हे फेसबुकने ४ ऑक्टोबर २०२१ रोजी जगाला दाखवले. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका चुकीच्या आज्ञेने त्यांच्या माहितीकेंद्रांना जोडणारे जाळे तुटले आणि त्या पाठोपाठ त्यांचे डीएनएस सर्व्हर महाजालाला दिसेनासे झाले. यंत्रे शाबूत होती, माहिती शाबूत होती. परंतु सुमारे सहा तास जगाला त्यांचा पत्ता सापडत नव्हता.

दुसरी पायरी प्रमाणपत्राची. ब्राउझरमधील कुलपाचे चिन्ह ज्या प्रमाणपत्रावर उभे असते, त्यात संकेतपत्त्यांची नावे नोंदलेली असतात. नवे नाव त्यात नसेल तर जोडणी नाकारली जाते. नाव असूनही मधल्या साखळीचे प्रमाणपत्र सर्व्हरवर चढवायचे राहिले, तर कार्यालयातील संगणकावर सेवा उघडते, पण मोबाइलवर किंवा दुसऱ्या सर्व्हरवरून अडते. कारण अनेक ब्राउझर गहाळ कडी स्वतः शोधून आणतात, साधे प्रोग्राम ती तसदी घेत नाहीत. या प्रमाणपत्रांची कमाल मुदतही आता टप्प्याटप्प्याने घटवली जात आहे. २०२० पासून ती ३९८ दिवस होती. १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, त्यापुढे वर्षभराने १०० आणि २०२९ च्या मार्चपासून ४७ दिवस असा क्रम ठरला आहे. वर्षातून एकदा भिंतीवरच्या दिनदर्शिकेत खूण करून नूतनीकरण करण्याचे दिवस त्यामुळे संपले आहेत.

तिसरी अडचण सर्वांत कमी ओळखली जाते आणि सर्वांत जास्त वेळ खाते. जुन्या पत्त्यावर आलेल्याला नव्याकडे पाठवण्यासाठी ३०१ या क्रमांकाचे उत्तर दिले जाते. माणसाच्या ब्राउझरसाठी ते उत्तम. पण वेब सेवेकडे माहिती पाठवणारे अनेक प्रोग्राम ३०१ मिळताच नव्या पत्त्यावर केवळ ‘पान दाखवा’ अशी विनंती करतात आणि सोबतचा मजकूर वाटेतच सांडतो. अर्ज रिकामा पोहोचतो आणि सेवा तो चुकीचा ठरवून परत करते. अशा वेळी ३०८ हे उत्तर द्यावे लागते, कारण त्यात विनंतीचे स्वरूप व मजकूर कायम ठेवण्याचे बंधन आहे. सोप पद्धतीच्या जुन्या सेवांत याहून खोल खाच आहे. त्यांचे स्वतःचे वर्णन करणारी एक डब्ल्यूएसडीएल फाइल असते आणि तिच्या शेवटी सेवेचा पत्ता लिहिलेला असतो. बाहेरचे नाव बदलले तरी या फाइलमध्ये जुने नाव, कधी कधी तर सर्व्हरचे खासगी अंतर्गत नावच, झळकत राहते. विचारणारी प्रणाली वर्णन वाचते, त्यातला पत्ता प्रमाण मानते आणि अस्तित्वात नसलेल्या दारावर थाप मारते.

आकडे काय सांगतात

सर्व्हरने परत केलेला तीन अंकी क्रमांक म्हणजे बिघाडाची जागा दाखवणारे बोट होय. ४०० च्या घरातील क्रमांक विनंतीत दोष दाखवतात, ५०० च्या घरातील सर्व्हरच्या बाजूला. निदान म्हणून हे विभाजन ठीक, पण त्यावर आंधळा विश्वास नको. मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस सर्व्हरवर ४०४, म्हणजे ‘सापडले नाही’, याचे अनेक पोटप्रकार आहेत. ४०४.३ याचा अर्थ फाइल जागेवर आहे, परंतु त्या प्रकारची फाइल चालवायची कशी हे सर्व्हरला शिकवलेले नाही. नव्या यंत्रावर एएसपी.नेट किंवा त्यासंबंधीचे घटक सुरू करायचे राहिले की हा क्रमांक दिसतो. ४०४.१३ चा अर्थ तर पूर्ण वेगळा : पाठवलेला मजकूर ठरवलेल्या मर्यादेपेक्षा मोठा आहे. ५००.१९ म्हणजे मांडणीची ‘वेब.कॉन्फिग’ फाइल वाचता येत नाही किंवा तिच्यात न चालणारी ओळ आहे. ५०३ आला की बहुधा सेवेचा ॲप्लिकेशन पूल थांबलेला असतो. तो ज्या खात्याच्या नावाने चालतो त्याचा पासवर्ड कुणीतरी बदललेला असतो, आणि ज्याने बदलला त्याला या सेवेची कल्पनाही नसते.

लिनक्सवरील अपाचे किंवा एनजिनएक्सच्या मागे जिथे टॉमकॅटसारखी दुसरी प्रणाली चालते, तिथे ५०२ आणि ५०४ यांतला फरक ओळखणे मोलाचे. ५०२ बहुधा सांगतो की मागच्या प्रणालीकडे पोहोचताच आले नाही किंवा तिचे उत्तर उमजले नाही. ५०४ सांगतो की ती वेळेत उत्तर देत नाही. पहिल्यात पोर्टचा आकडा, बंद पडलेली प्रक्रिया किंवा सुरक्षा धोरण तपासावे. दुसऱ्यात माहितीसाठ्याकडे वळावे.

मुदतीच्या अखेरच्या दिवशी मात्र चूक नसतानाही सेवा अडते, कारण कारखान्यातून आलेल्या मर्यादा कुणी पाहिलेल्याच नसतात. डॉटनेटमधून माहितीसाठ्याशी एका वेळी डीफॉल्टने १०० जोडण्या ठेवता येतात. आयआयएसच्या एका पूलपुढे १,००० विनंत्या ताटकळू शकतात. त्यापुढच्या प्रत्येकाला ५०३ मिळतो. एनजिनएक्स डीफॉल्टने १ मेगाबाइटपेक्षा मोठा मजकूर स्वीकारत नाही आणि ४१३ परत करतो. शेतकऱ्याने मोबाइलवर काढलेले पिकाचे छायाचित्र सहज तीन-चार मेगाबाइटचे असते. चाचणी घेणाऱ्याने लहानसे चित्र चढवून पाहिले होते, म्हणून हा दोष प्रयोगशाळेत दिसला नाही. तो बांधावर दिसतो.

नोंदी आणि घड्याळ

निदानाचा खरा पुरावा लॉगमध्ये असतो. आयआयएसवर पोटक्रमांकासह सविस्तर चूक डीफॉल्टने फक्त त्याच यंत्रावर बसलेल्याला दिसते, बाहेरच्याला केवळ मोघम संदेश मिळतो. पण लॉगमध्ये पोटक्रमांक उमटलेला असतो. येथे अनेक जण एका साध्या गोष्टीने चकतात. आयआयएसच्या लॉगमधील वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते. धाराशिवमध्ये सकाळी ११ वाजता घडलेली चूक तिथे ५.३० ला नोंदलेली असते. ११ च्या ओळी वाचून ‘काहीच घडलेले नाही’ असा निष्कर्ष काढणारे कमी नाहीत.

तपासणी कोणत्या क्रमाने करावी, याला एक सरळ उत्तर आहे. आधी सर्व्हरवरच बसून सेवा हाक देते का पाहावे. मग त्याच जाळ्यातील दुसऱ्या यंत्रावरून. मग मोबाइलच्या डेटावरून, म्हणजे पूर्ण बाहेरून. जिथे उत्तर बदलते, त्या दोन टप्प्यांच्या मध्ये दोष आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि बदलण्यापूर्वी जुन्या फाइलची प्रत ठेवावी. अपाचे आणि एनजिनएक्स या दोघांतही मांडणीची फाइल आधी तपासून मग नव्याने वाचायला लावण्याची सोय आहे. ती न वापरता थेट सर्व्हर बंद-चालू करणारा एका सेवेचा दोष दुरुस्त करताना बाकीच्या दहा सेवा पाडू शकतो. फायरवॉल बंद करणे, फोल्डरवर सर्वांना सर्वाधिकार देणे, या ‘दुरुस्त्या’ही फार लोकप्रिय आहेत. त्यांनी सेवा चालू होते, हे खरे. चोरासाठी दारही उघडे होते.

नाव आणि संकेतांक

नामांतराकडे परतायचे तर खरी गुंतागुंत माहितीच्या देवाणघेवाणीत आहे. एक प्रणाली ‘धाराशिव’ पाठवते, दुसरीच्या यादीत अजून ‘उस्मानाबाद’ आहे, तिसरी रोमन लिपीतील नाव मागते. जुन्या माहितीसाठ्यात मराठी मजकूर युनिकोडपूर्व काळातल्या एखाद्या फॉन्टच्या संकेतांत साठवलेला असेल, तर तुलना मुळातच अशक्य. माहितीसाठा आणि जोडणी दोन्हीकडे यूटीएफ-८ ठरवलेले नसेल, तर नव्या नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उमटते. यावर उपाय जुना आहे आणि शहाणपणाचा आहे : यंत्रांनी आपसात नाव नव्हे, संकेतांक वापरावा. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्याचा संकेतांक ५२५ होता. वाहनांच्या पाटीवरचा एमएच-२५ आणि शहराचा ४१३५०१ हा पिनकोड नामांतरानंतरही कायम आहेत, कारण त्यांत नाव गुंफलेले नाही. रेल्वे स्थानकाचे तसे नव्हते. तिथला संकेतच अक्षरी आहे. २०२५ मध्ये स्थानकाचे नाव बदलताना यूएमडी जाऊन डीआरएसव्ही आला आणि तिकीट आरक्षणाच्या प्रणालीलाही तो बदल करून घ्यावा लागला.

सर्व फाइलींत एका फटक्यात जुने नाव काढून नवे घालण्याचा मोह अशा वेळी होतो. तो टाळावा. ‘उस्मानाबादी’ ही शेळीची नोंदलेली जात आहे. तिची ‘धाराशिवी’ झाली तर पशुधनाच्या याद्यांतून ती नाहीशीच होईल. त्याहून गंभीर प्रश्न जुन्या दस्तऐवजांचा. डिजिटल स्वाक्षरी केलेल्या उताऱ्यात एक अक्षर जरी नंतर बदलले, तरी स्वाक्षरी अवैध ठरते. म्हणून २०२३ पूर्वीच्या दस्तांवर जुने नाव तसेच राहिले पाहिजे आणि ते तपासणाऱ्या सेवेने दोन्ही नावे एकाच संकेतांकाखाली ओळखली पाहिजेत. बँकेत तारण ठेवलेल्या जमिनीचा उतारा केवळ जिल्ह्याचे नाव जुळत नाही म्हणून परत आला, तर खातेदाराने दाद कुणाकडे मागावी?

जुना पत्ता किती काळ चालू ठेवायचा, हेही आदेशाने नव्हे तर लॉग पाहून ठरवावे लागते. नव्या नावाची घोषणा सर्वांपर्यंत पोहोचली असली, तरी कुठल्या तरी कार्यालयातील एखादा प्रोग्राम वर्षातून एकदाच, ३१ मार्चला किंवा खरिपाच्या मुदतीच्या आठवड्यात, जुन्या पत्त्यावर हाक मारत असतो. त्यामुळे किमान एक पूर्ण आर्थिक वर्ष आणि दोन्ही हंगाम उलटेपर्यंत जुन्या पत्त्यावर येणाऱ्या विनंत्या मोजत राहाव्यात, त्या कोणत्या यंत्राकडून येतात ते शोधून तिथला पत्ता बदलून घ्यावा आणि मोजणी शून्यावर आली की मगच ती नोंद काढून टाकावी.