महागाई भत्ता आणि राष्ट्रीय अर्थनीती : मुंबईच्या गिरणी कामगारांच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास (१९१८ ते १९७४)

प्रस्तावना

श्रमबाजार, वेतन आणि भाववाढ हे घटक राष्ट्राच्या आर्थिक वाटचालीवर परिणाम करतात, हे सर्वमान्य आहे. मात्र हा परिणाम कोणत्या मार्गाने घडतो, हे केवळ सिद्धांतावरून समजत नाही; त्यासाठी इतिहासाकडे वळावे लागते. या दृष्टीने मुंबईच्या कापड गिरण्यांतील वेतनाचा इतिहास महत्त्वाचा ठरतो. वेतनवाढीमुळे महागाई होते की महागाईमुळे वेतनवाढ मागावी लागते, हा वाद येथे अर्धशतकाहून अधिक काळ चालला. या वादातून महागाई मोजण्याची पद्धत घडली आणि पुढे त्याच मोजणीवर राष्ट्रीय धोरणाचे निर्णय होऊ लागले, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

१. युद्धकालीन भाववाढ व निर्देशांकाचा उदय

पहिल्या महायुद्धाच्या काळात गिरणीमालकांना मोठा नफा झाला. परंतु धान्य, कापड व रॉकेल यांचे भाव चढत गेल्याने कामगारांचे वास्तव वेतन घटले. डिसेंबर १९१८ च्या अखेरीस सुरू झालेल्या संपात लाखाहून अधिक कामगार सामील झाले. १९२० च्या आरंभी पुन्हा व्यापक संप झाला. दोन्ही वेळी महागाई हेच मुख्य कारण होते. महागाई किती वाढली याबाबत मालक व कामगार यांना मान्य होईल असा आकडा मात्र उपलब्ध नव्हता.

या परिस्थितीत मुंबई सरकारने १९२१ मध्ये लेबर ऑफिसची स्थापना केली. सप्टेंबर १९२१ पासून ‘लेबर गॅझेट’ प्रसिद्ध होऊ लागले व त्यात कामगारवर्गाच्या राहणी-खर्चाचा निर्देशांक जुलै १९१४ = १०० या पायावर दिला जाऊ लागला. १९२१–२२ मध्ये कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी झाली. तीत एकूण खर्चापैकी निम्म्याहून अधिक भाग अन्नावर जातो, असे दिसून आले. अशा कुटुंबाच्या दृष्टीने धान्याची भाववाढ म्हणजे प्रत्यक्ष वेतनकपातच होय.

२. रुपयाचा विनिमय दर आणि मजुरीचा प्रश्न

निर्देशांक हे दुधारी साधन ठरले. १९२० नंतर किंमती उतरू लागताच मालकांनी वेतनकपातीची भूमिका घेतली. १९२५ मध्ये ११.५ टक्के कपात जाहीर होताच सप्टेंबर ते डिसेंबर असा दीर्घ संप झाला. डिसेंबरमध्ये सरकारने देशी कापडावरील ३.५ टक्के अबकारी कर स्थगित केला आणि मालकांनी कपात मागे घेतली. १८९६ पासूनचा हा कर रद्द व्हावा, अशी राष्ट्रीय नेत्यांची जुनी मागणी होती. ती मान्य होण्यास मजुरीचा संघर्ष निमित्त ठरला.

याच सुमारास हिल्टन यंग आयोगाने १९२६ मध्ये रुपयाचा दर १ शिलिंग ६ पेन्स ठेवण्याची शिफारस केली. देशातील किंमती व मजुरी या दराशी बऱ्याच अंशी जुळल्या आहेत, असे बहुमताचे म्हणणे होते. सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी भिन्नमतपत्रिकेत १ शिलिंग ४ पेन्स या दराचा पुरस्कार केला व मजुरीची अशी जुळणी झालेली नाही, असा आक्षेप घेतला. चढ्या दरामुळे, १ शिलिंग ४ पेन्सच्या तुलनेत, परदेशी कापड रुपयांत सुमारे ११ टक्क्यांनी स्वस्त पडणार होते. स्पर्धेत टिकण्यासाठी देशी गिरण्यांना खर्च कमी करावा लागणार होता आणि त्याचा भार मजुरीवर पडणे अटळ होते. १९२७ मध्ये चढा दर कायद्याने निश्चित झाला. १९२८ मध्ये सुमारे सहा महिने मुंबईतील गिरण्या बंद राहिल्या. एका कामगाराकडे अधिक साचे वा अधिक चात्या सोपविणे आणि वेतनकपात ही त्या संपाची तात्कालिक कारणे होती. केवळ चलननीतीमुळे हा संप झाला असे म्हणता येणार नाही. तथापि चलनाचा दर ठरविताना मजुरीबाबत केलेले गृहीतक प्रत्यक्षात उतरविणे किती कठीण होते, हे त्यावरून स्पष्ट होते.

३. महागाई भत्त्याची व्यवस्था

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनसाठी भारतात होणाऱ्या खर्चाची परतफेड लंडनमध्ये स्टर्लिंगच्या रूपाने जमा होत असे व त्या आधारावर भारतात नोटा काढल्या जात. परिणामी चलनपुरवठा व भाव झपाट्याने वाढले. मार्च १९४० मध्येच महागाई भत्त्यासाठी गिरण्यांत सुमारे ४० दिवसांचा संप सुरू झाला होता. पुढे भत्ता निर्देशांकाशी जोडला गेला. १९४७ च्या निवाड्याने किमान मूळ वेतन दरमहा ३० रुपये ठरले. १९४८ मध्ये सर्वांत कमी वेतनाच्या कामगारास भाववाढीची सुमारे ९० टक्के भरपाई मिळेल, असे भत्त्याचे सूत्र ठरविण्यात आले. लवकरच भत्त्याची रक्कम मूळ वेतनाहून अधिक झाली.

त्यामुळे निर्देशांकातील प्रत्येक अंक कामगाराच्या पगारात दिसू लागला. साहजिकच तो अंक काढण्याची पद्धत हाच वादाचा विषय बनला. १९६३ मध्ये निर्देशांक खरी महागाई दाखवीत नाही, ही तक्रार तीव्र झाली. महाराष्ट्र शासनाने प्रा. डी. टी. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली. समितीने निर्देशांक वाढवून दुरुस्त करण्याची शिफारस केल्याने कामगारांची तक्रार निराधार नव्हती, हे सिद्ध झाले.

४. १९७४ : भत्ता हे कारण की परिणाम?

१९७१ चे युद्ध, १९७२–७३ चा दुष्काळ आणि १९७३ च्या अखेरीची तेलदरवाढ यांमुळे १९७४–७५ मध्ये घाऊक किंमती सुमारे २५ टक्क्यांनी वाढल्या. मे १९७४ मध्ये रेल्वे कामगारांचा देशव्यापी संप झाला. जुलैमध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढून वेतनातील संपूर्ण वाढ व वाढीव महागाई भत्त्याची निम्मी रक्कम सक्तीच्या ठेवीत जमा करविली. वाढीव वेतन बाजारात आल्यास भाव आणखी चढतील, हा त्यामागील विचार होता. परंतु भाववाढीचा उगम धान्यटंचाई व तेलदर यांत होता. भत्ता हा भाव वाढल्यानंतर मिळणारा मोबदला होता. १९७५–७६ मध्ये भाव उतरले, त्यात चांगल्या पिकाचाही वाटा होता.

याच काळाची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात सुमारे ५० लाख मजूर दुष्काळी कामांवर होते. खडी फोडणाऱ्या व पाझर तलावाची माती वाहणाऱ्या या स्त्री-पुरुषांना महागाई भत्ता नव्हता. महागाईचा फटका त्यांना सर्वाधिक बसला. पण वेतन आणि भाववाढ यांच्या राष्ट्रीय चर्चेत त्यांच्या मजुरीला स्थान मिळाले नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून तीन बाबी स्पष्ट होतात. पहिली, महागाईचा आकडा हा तटस्थ गणिताबरोबरच सामाजिक संघर्षाचेही फलित आहे. दुसरी, विनिमय दर, कर व चलनपुरवठा यांविषयीच्या राष्ट्रीय निर्णयांचा भार अखेरीस श्रमबाजारावर येतो. तिसरी, निर्देशांकाशी जोडलेल्या वेतनाचे संरक्षण संघटित कामगारांपुरते मर्यादित राहिले. २०१६ पासून भारताचे मौद्रिक धोरण ग्राहक किंमत निर्देशांकावर आधारित उद्दिष्टानुसार चालते. अशा वेळी ज्यांच्या मजुरीला भत्त्याचा आधार नाही, त्यांचे वास्तव वेतनही महागाईच्या आकड्याबरोबर नियमितपणे मांडले गेले पाहिजे. त्याविना राष्ट्राच्या आर्थिक स्थितीचे चित्र अपुरेच राहील.