चंद्राचा मृत्यू : कबुलीजबाब कसा वाचावा

न्याय आणि सुरक्षा या विषयांच्या अभ्यासात न्यायालयीन कागदपत्रे हे महत्त्वाचे साधन मानले जाते. मात्र खटल्यातला जबाब म्हणजे मुलाखत नव्हे. तो कोणी, कोणासमोर आणि कशासाठी दिला, हे आधी पाहावे लागते. कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकलेले इतिहासकार रणजित गुहा यांचा ‘चंद्राज डेथ’ हा निबंध या दृष्टीने वाचण्याजोगा आहे. तो १९८७ मध्ये ‘सबाल्टर्न स्टडीज’च्या पाचव्या खंडात आला.

निबंधाचा आधार म्हणजे बीरभूम भागातील १८४९ चे तीन जबाब. त्यांना ‘एकरार’ म्हणत, म्हणजे कबुली. पंचानन मंडल यांनी संपादित केलेल्या जुन्या बंगाली कागदपत्रांच्या संग्रहात ते छापले आहेत. बागदी या खालच्या मानलेल्या जातीतील चंद्रा ही स्त्री गर्भपाताच्या औषधाने मरण पावली. औषध कालीचरण बागदीकडून आणले होते आणि ते दिले तिच्या सख्ख्या बहिणीने, ब्रिंदाने. बहिणीला वाचवायला धावलेली ब्रिंदा सरकारदरबारी खुनाची आरोपी ठरली. आई भगवती हिचाही जबाब घेतला गेला.

कायद्याला हवे होते ते एवढेच : औषध कोणी आणले, कोणी दिले, प्रेत कोठे पुरले. गुहा मात्र भगवतीच्या जबाबातील एका वाक्यापाशी थांबतात. नात्यातलाच मगाराम तिला सांगून गेला होता की, चंद्राला माझ्यापासून दिवस गेले आहेत. तिला घरी आणून औषध द्या, नाहीतर मी तिला ‘भेक’ देईन. भेक म्हणजे वैष्णव बैरागिणीचा वेश. जातीबाहेर घालवलेल्या स्त्रीला त्या समाजात उरणारी ती वाट होती. ही धमकी लक्षात घेतली की आई-बहिणीचे कृत्य गुन्ह्याऐवजी बचावाची धडपड म्हणून दिसू लागते. माझ्या मते निबंधाचे खरे बळ याच वाचनात आहे. त्यातील सैद्धान्तिक भाग विद्यार्थ्यांनी दुसऱ्या वाचनासाठी ठेवला तरी चालेल.

मराठी विद्यार्थ्यांनी येथे आपल्याकडील महजर आठवावेत. वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवरील १९५३ च्या ग्रंथात त्यांचा उपयोग केला आहे. महजर गोतसभेसमोर होई. साक्ष देणारे आणि ऐकणारे एकमेकांना ओळखत. एकरार सरकारी चौकशीत लिहिला जाई, म्हणून त्यात नातीगोती प्रश्नापुरतीच येतात. पुढे १८७२ च्या पुरावा कायद्याने पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध अग्राह्य ठरवली. त्या काळातील कागद वाचताना हाही फरक ध्यानात घ्यावा.

हाती असलेले तीन जबाब ब्रिंदा, कालीचरण आणि भगवती यांचे आहेत. मगारामचा जबाब त्यांत नाही.