डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ, लोणेरे

महाराष्ट्रातील एक राज्य विद्यापीठ. रायगड जिल्ह्याच्या माणगाव तालुक्यात, मुंबई–गोवा महामार्गालगत लोणेरे येथे वसलेले. स्थापना महाराष्ट्र विधिमंडळाच्या १९८९ च्या अधिनियमाने. राज्यपाल हे पदसिद्ध कुलपती. केवळ अभियांत्रिकी व तंत्रशास्त्रासाठी काढलेले आणि आरंभी आपल्या एका आवारापुरतेच असलेले हे विद्यापीठ २०१४ च्या नव्या अधिनियमानंतर राज्यभरच्या महाविद्यालयांना संलग्नता देणारे झाले. विद्यार्थ्यांच्या बोलण्यात ते इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘बाटू’ म्हणून येते. छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाशी त्याची नेहमी गल्लत होते. ही दोन विद्यापीठे अगदी वेगळी आहेत. मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार दीर्घ आणि रक्तरंजित संघर्षानंतर १४ जानेवारी १९९४ रोजी झाला. लोणेऱ्याच्या विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव त्याच्या पाच वर्षे आधी, स्थापनेबरोबरच मिळाले.

पनवेलहून दक्षिणेला निघालेला महामार्ग पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड, इंदापूर, माणगाव करीत लोणेऱ्याला येतो आणि पुढे महाडकडे जातो. लोणेरे फाट्यावरून फुटणारा रस्ता गोरेगावमार्गे म्हसळा-श्रीवर्धनकडे उतरतो. विद्यापीठ उभे राहत होते तेव्हा या भागात रेल्वे नव्हती. मध्य रेल्वेचा मार्ग रोह्याला संपत असे. कोकण रेल्वेचा रोहे–वीर टप्पा १९९३ मध्ये सुरू झाला आणि गोरेगाव रोड नावाचे लहानसे स्थानक जवळ आले. तरीही विद्यार्थ्यांची मुख्य भिस्त एसटीवर आणि महामार्गावरच्या वाहनांवर राहिली. शहरापासून इतके लांब विद्यापीठ काढायचे तर मुलांना आवारातच राहावे लागणार, म्हणून वसतिगृहे हा त्याच्या रचनेचा अविभाज्य भाग ठरला.

या जागेला बाबासाहेबांचे नाव शोभते ते महाडमुळे. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेऊन त्यांनी सार्वजनिक पाणवठ्यावरचा हक्क बजावला ते महाड लोणेऱ्याच्या दक्षिणेला, याच महामार्गावर आहे. त्याच वर्षीच्या डिसेंबरातील दुसऱ्या परिषदेला, जिथे २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले, बाबासाहेब मुंबईहून बोटीने दासगाव बंदरात उतरले आणि तेथून मंडळी पायी महाडला गेली. पेणजवळच्या धरमतरला उतरून मोटारीने जाणे सोयीचे पडले असते. पण मोटारवाल्यांना कोणी फितवले आणि त्यांनी आयत्या वेळी गाड्या नाकारल्या तर परिषदच बुडेल, ही धास्ती होती. दासगाव लोणेऱ्याहून महाडला जाताना वाटेत लागते. ज्या रस्त्याने जाणे १९२७ मध्ये धोक्याचे वाटले, त्याच रस्त्यालगत साठ-बासष्ट वर्षांनी त्यांच्या नावाचे विद्यापीठ झाले. नोंदीत हे सांगणे अवांतर वाटेल, पण या विद्यापीठाची निवडलेली जागा त्याशिवाय नीट कळत नाही.

विद्यापीठ कसे असावे याविषयीही बाबासाहेबांनी विचार मांडला होता. १८५७ चे मुंबई विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर निघाले. महाविद्यालयांनी शिकवायचे, विद्यापीठाने परीक्षा घ्यायच्या आणि पदव्या द्यायच्या, अशी ती वाटणी होती. १९२४–२५ च्या मुंबई विद्यापीठ सुधारणा समितीपुढे दिलेल्या साक्षीत बाबासाहेबांनी या वाटणीवर टीका केली. अध्यापन आणि संशोधन हे विद्यापीठाचे स्वतःचे काम आहे, केवळ परीक्षा घेण्याने ते पार पडत नाही, असा त्यांचा रोख होता. १९८९ मध्ये लोणेऱ्याला जे निघाले ते या विचाराला जवळचे होते: स्वतःचे आवार, स्वतःचे अध्यापक, स्वतःचा अभ्यासक्रम आणि आपण शिकवलेल्या मुलांचीच परीक्षा.

रायगडला अशा संस्थेची निकड का होती हे पाहायला जिल्ह्याची आधीची वीस वर्षे पाहावी लागतात. महाराष्ट्रातील तंत्रशिक्षणाची जुनी केंद्रे पुणे आणि मुंबई: पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय १८५४ पासूनचे, व्हीजेटीआय १८८७ ची. १९६० च्या सुमारास कराड, औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) आणि नंतर अमरावती येथे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली. १९८३ पासून विनाअनुदान तत्त्वावर खासगी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि त्यांचे पेव फुटले, पण दक्षिण रायगडाच्या वाट्याला त्यातले फारसे आले नाही. याच काळात कारखाने मात्र वेगाने आले. १९७४ मध्ये बॉम्बे हायला तेल लागले, उरणला तेल आणि वायू किनाऱ्यावर येऊ लागले. थळला राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा खत कारखाना झाला. रोहे तालुक्यात नागोठण्याला इंडियन पेट्रोकेमिकल्सचे वायूवर चालणारे मोठे संकुल उभे राहिले. रोह्याजवळ धाटाव आणि दक्षिणेला महाड येथील औद्योगिक क्षेत्रांत रसायनांचे कारखाने बसले. पुढे, विद्यापीठ निघाल्यावर, पेण तालुक्यात डोलवीला पोलाद कारखानाही आला. जमीन इथली गेली, धूर इथल्यांनी सोसला, आणि कंट्रोल रूममध्ये बसणारा अभियंता बहुतेक वेळा बाहेरून आला.

५ नोव्हेंबर १९९० रोजी नागोठण्याच्या संकुलात वायुगळती होऊन स्फोट झाला आणि तीसहून अधिक माणसे दगावली. विद्यापीठाचा अधिनियम होऊन तेव्हा वर्ष-दीड वर्षच झाले होते. या घटनेमुळे विद्यापीठ निघाले असे नाही. पण वायुवाहिन्यांची देखभाल, गळतीचा वेळीच सुगावा, आणीबाणीत संयंत्र बंद करण्याची रीत या गोष्टी जाणणारी माणसे याच जिल्ह्यात तयार झाली पाहिजेत, हे त्या दिवसानंतर कोणाला वेगळे पटवून द्यावे लागले नसेल.

विद्यापीठाच्या विभागांवर या परिसराची छाप दिसते. स्थापत्य, यंत्र, विद्युत, संगणक, माहिती तंत्रज्ञान, अणुविद्युत व दूरसंचार हे विभाग कुठल्याही अभियांत्रिकी संस्थेत असतात. रासायनिक अभियांत्रिकीही असते. पण पेट्रोरसायन अभियांत्रिकीचा स्वतंत्र विभाग असणारी विद्यापीठे देशात मोजकी आहेत. त्याच आवारात दहावीनंतरच्या पदविका अभ्यासक्रमांसाठी इन्स्टिट्यूट ऑफ पेट्रोकेमिकल इंजिनिअरिंग ही संस्था आहे. बाहेरच्यांच्या नजरेतून ती निसटते. माझ्या मते विद्यापीठाचे प्रादेशिकपण सर्वांत ठळक इथेच आहे. पदवीसाठी राज्यभरची मुले येतात. पदविकेला मात्र माणगाव, महाड, रोहे, पेण, म्हसळा या तालुक्यांतल्या मुलाला दहावी होताच घरापासून फार लांब न जाता रासायनिक संयंत्राचे शिक्षण मिळू शकते, आणि कारखान्यात पाळीवर उभा राहणारा माणूस पदविकाधारकच असतो.

उद्योगाच्या पोटी विद्यापीठ जन्मण्याची उदाहरणे जगात आहेत. जर्मनीतील हार्त्झ डोंगरातले क्लाऊस्टाल हे छोटे गाव चांदी-शिशाच्या खाणींचे. तिथे १७७५ मध्ये खाणकामाचे शिक्षण सुरू झाले, १८६४ मध्ये त्याची खनिकर्म अकादमी झाली आणि १९६८ मध्ये तंत्रविद्यापीठ. वरच्या हार्त्झमधल्या क्लाऊस्टालच्या खाणी १९३० मध्ये बंद पडल्या, पण विद्यापीठ गावातच राहिले. सामग्रीविज्ञान, ऊर्जा, कच्च्या मालाचा पुनर्वापर असे नवे विषय त्याने अंगावर घेतले. काही हजार विद्यार्थी असलेले ते विद्यापीठ आजही लहानच आहे. लोणेऱ्याचे वळण मात्र निराळे झाले. भोवतालचा उद्योग टिकून असतानाच विद्यापीठाचे काम राज्यभर पसरले.

हे घडले २०१४ च्या अधिनियमाने. १९८९ चा कायदा रद्द होऊन नवा कायदा आला आणि लोणेऱ्याचे विद्यापीठ एका आवारापुरते न राहता संलग्नता देणारे झाले. शेजारी राज्यांत हा प्रयोग आधी झालेला होता. तेव्हाच्या आंध्र प्रदेशात जवाहरलाल नेहरू तंत्रशास्त्र विद्यापीठ १९७२ पासूनचे, कर्नाटकात बेळगावला विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठ १९९८ पासूनचे, गुजरात तंत्रशास्त्र विद्यापीठ २००७ चे. महाराष्ट्रात अभियांत्रिकी महाविद्यालये मुंबई, पुणे, नागपूर, अमरावती अशा सर्वसाधारण विद्यापीठांत विखुरलेली होती, आणि प्रत्येकाचा अभ्यासक्रम व परीक्षांचे वेळापत्रक वेगळे होते. ती एका छत्राखाली आणावीत असा हेतू होता. महाविद्यालयांवर सक्ती मात्र झाली नाही. ज्यांना यायचे ते आले, पुष्कळशी जुन्याच विद्यापीठात राहिली. २०१७–१८ पासून संलग्न महाविद्यालयांत लोणेऱ्याचा अभ्यासक्रम सुरू झाला. पुढे औषधनिर्माणशास्त्र आणि वास्तुशास्त्राची महाविद्यालयेही आली. विस्ताराच्या सुरुवातीच्या वर्षांत कुलगुरू होते विलास गायकर. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतले ते रासायनिक अभियंते. नंतरच्या काळात कारभारी काळे यांनी हे पद सांभाळले.

विस्ताराबरोबर लोणेऱ्याची परीक्षापद्धतही राज्यभर गेली. एका विषयाचे १०० गुण तीन ठिकाणी वाटलेले असतात: वर्गात सत्रभर चालणाऱ्या सातत्यपूर्ण मूल्यमापनाला २०, सत्राच्या मध्यावरील परीक्षेला २० आणि सत्रान्त परीक्षेला ६०. म्हणजे ४० गुण शेवटच्या पेपरच्या आधीच हाती आलेले असतात. शेवटच्या पंधरा दिवसांत झेरॉक्सच्या नोट्सवर निभावून नेण्याची जी सवय मुलांना लागलेली असते, तिला ही वाटणी आळा घालते. पण हे ४० गुण देणारा अध्यापक रोज समोर असलेला, मुलांना ओळखणारा असावा लागतो. एका आवारातल्या विद्यापीठात तो असतोच. शेकडो मैलांवरच्या महाविद्यालयात तो कोण आहे आणि कसे गुण देतो, हे लोणेऱ्याला कागदावरूनच पाहावे लागते. जी पद्धत निवासी विद्यापीठात सहज चालते, तिला संलग्न महाविद्यालयांत सतत राखण करावी लागते.

या बदलाचे मोल दोन्ही बाजूंनी मोजायला हवे. विदर्भ-मराठवाड्यातल्या मुलाला त्याच्या तालुक्यात राहून तंत्रशास्त्र विद्यापीठाची पदवी मिळते, ही लहान गोष्ट नाही. तंत्रशिक्षणाचा विचार करणारे विद्यापीठ स्वतंत्र असले की अभ्यासक्रम लवकर बदलता येतो, हाही लाभच. मात्र प्रश्नपत्रिका, निकाल, पुनर्मूल्यांकन, संलग्नता समित्या यांचा रगाडा मोठमोठ्या विद्यापीठांनाही झेपत नाही. मुंबई विद्यापीठाचे २०१७ चे निकाल संगणकावर उत्तरपत्रिका तपासण्याच्या घाईत महिनोन्‌महिने रखडले, हे सर्वांनी पाहिले आहे. लोणेऱ्यासारख्या लहान विद्यापीठाचे मनुष्यबळ त्यात अडकले, तर प्रयोगशाळेला आणि परिसराला द्यायचा वेळ तिथूनच जातो. बाबासाहेबांनी ज्या प्रकारच्या विद्यापीठावर टीका केली, त्याच्या जवळ जाण्याचा धोका त्यांच्याच नावाच्या विद्यापीठाला आहे. तो टळावा असे मनापासून वाटते.

परिसर म्हणजे फक्त कारखाने नव्हेत. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, पेण तालुक्यात, जोहे आणि हमरापूर ही गणेशमूर्तींची गावे आहेत. मूर्तिकला पेण शहरातून या खेड्यांत पसरली आणि आज तिथे घरोघर, पत्र्याच्या शेडखाली कारखाने चालतात. तिथले लोकही त्यांना कारखाने असेच म्हणतात. रबराच्या साच्यात प्लास्टर ऑफ पॅरिस (पीओपी) ओतायचे, आत काथ्या घालून मजबुती आणायची, सुटलेली मूर्ती घासून-तासून पांढरी करायची, मग रंग, आणि शेवटी कसबी हाताने डोळ्यांची आखणी. कच्च्या, बिनरंगी मूर्ती राज्यभर आणि राज्याबाहेर जातात. जोह्याची मुले शिकायला जातात ती पेणच्या भाऊसाहेब नेने महाविद्यालयात किंवा पनवेल-नवी मुंबईकडे. अंतराच्या हिशेबाने त्यांना पनवेल लोणेऱ्यापेक्षा कितीतरी जवळ. त्यामुळे एकाच जिल्ह्यात असूनही जोहे आणि लोणेरे यांची वाट एरवी एक होत नाही.

तंत्रशास्त्राच्या दृष्टीने मात्र जोह्याइतका तातडीचा प्रश्न जिल्ह्यात क्वचितच असेल. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनी पीओपीच्या मूर्तींना मनाई केली. त्यानंतरची न्यायालयीन लढाई या गावांनी प्रत्येक हंगामात जीव मुठीत धरून पाहिली. पीओपी म्हणजे जिप्सम भाजून केलेले चूर्ण. पाणी लागले की त्याचे पुन्हा जिप्सम होते, आणि ते पाण्यात फार सावकाश विरघळते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने त्यावर अमोनियम बायकार्बोनेटचा उपाय काढला. त्याच्या द्रावणात विसर्जित मूर्तीचे कॅल्शियम कार्बोनेट आणि अमोनियम सल्फेट होते, आणि अमोनियम सल्फेट खत म्हणून वापरता येते. दुसरा मार्ग शाडूचा. शाडू गुजरातेतून, भावनगरकडून येतो, मूर्ती जड होते, वाहतुकीत तडकते, आणि मुख्य म्हणजे जून-जुलैच्या दमट हवेत लवकर वाळत नाही. ऐन हंगाम तर त्याच महिन्यांत असतो. पावसाळ्यात शेडमध्ये बसेल, कमी विजेवर चालेल आणि मूर्तीला तडा न देता सावकाश ओल काढील असा वाळवणीचा कक्ष, किंवा शाडूत मिसळून वजन कमी करणारा स्थानिक तंतू, या कामाला लोणेऱ्याचे रासायनिक आणि यंत्र अभियांत्रिकीचे विभाग पुरेसे आहेत. जोह्यात त्याची चाचणी घ्यायला शेकडो मूर्ती दर वर्षी तयारच असतात.