हलत्या कवटीची कुळकथा

काशीत राहणाऱ्या माणसाला कवटीची भीती घालणे कठीण. ब्रह्मदेवाचे पाचवे मस्तक छेदल्यावर भैरवाच्या हाताला चिकटलेली कवटी अखेर इथेच, कपालमोचन तीर्थावर गळून पडली, ही कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. मणिकर्णिकेचा धूर रोज पाहणाऱ्या शहराला मृत्यूचे नावीन्य नाही. पण तीच कवटी मान वळवून आपल्याकडे पाहू लागली आणि जबडा हलवून बोलू लागली, तर भैरवाचा भक्तसुद्धा दोन पावले मागे सरकेल. निर्जीव वस्तू हलवून लोकांना थक्क करण्याची ही कला फार जुनी आहे.

हा विषय निघायला कारण घडले. आपल्या समितीच्या तरुण मंडळींना पुढील वर्षी सिंदुरासुरवधाचा हलता देखावा करायचा आहे. असुराच्या मस्तकासाठी अमेरिकेतून हलत्या कवटीचा तयार संच मागवावा की सगळे इथेच बनवावे, असा प्रश्न त्यांनी मला विचारला. त्याचे उत्तर शोधताना जो इतिहास हाती आला, तो वाचकांपुढे ठेवतो.

अमेरिकेत ३१ ऑक्टोबरच्या रात्री हॅलोविन साजरा होतो. घरापुढे भोपळे कोरून ठेवतात, सांगाडे आणि भुते मांडतात. हौशी मंडळी प्लॅस्टिकची कवटी, चार छोट्या मोटारी व नियंत्रक असा संच विकत घेऊन घरीच जोडतात. एक मोटार मान फिरवते, दुसरी मान खालीवर करते, तिसरी कलती करते आणि चौथी जबडा हलवते. हे सारे आपल्याला अगदी परके नाही. गोव्यात नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री बांबू, गवत आणि कागदाचे अक्राळविक्राळ नरकासुर उभे राहतात, त्यांच्या स्पर्धा होतात आणि पहाटे त्यांचे दहन होते. त्यांतले काही आता यंत्राच्या साहाय्याने मान आणि हातही हलवतात.

अभियंत्याच्या नजरेने पाहिले, तर या कलेचा सारा इतिहास एका प्रश्नाभोवती फिरतो. कोणता अवयव केव्हा हलायचा, ही आठवण साठवायची कुठे?

पहिले उत्तर आहे माणसाची बोटे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळच्या पिंगुळी गावचे ठाकर कलावंत कळसूत्री बाहुल्या नाचवतात. तिथे सारी आठवण दोरी धरणाऱ्याच्या हातात असते. यंत्राने बाहुल्या हलवण्याचा विचारही आपल्याकडे जुना आहे. अकराव्या शतकातील माळव्याच्या राजा भोजाच्या ‘समरांगण सूत्रधार’ या ग्रंथात यंत्रांवर एक स्वतंत्र अध्यायच आहे.

दुसरे उत्तर फिरत्या दंडगोलाचे. अल-जझारी याने १२०६ च्या सुमारास पूर्ण केलेल्या ग्रंथात नावेत बसलेल्या वादक बाहुल्यांचे वर्णन आहे. दंडगोलावरच्या खुंट्या क्रमाने तरफा दाबतात आणि बाहुल्या वाजवू लागतात. स्वित्झर्लंडच्या जाके-द्रो यांनी १७७४ मध्ये लोकांसमोर आणलेला ‘लेखक’ मुलगा कॅमच्या चकत्यांच्या आधारे दौतीत टाक बुडवून अक्षरे लिहितो. तो आजही न्यूशाटेलच्या संग्रहालयात आहे. चंदननगरच्या प्रसिद्ध रोषणाईतही फिरत्या रुळावरच्या तांब्याच्या पट्ट्या दिवे क्रमाने लावत असत. आमच्या डिझेल इंजिनातला मास्टर कंट्रोलर याच घराण्यातला. ड्रायव्हरने हँडल आठपैकी ज्या नॉचवर नेले, त्यानुसार कॅम संपर्क जोडतात वा तोडतात.

तिसरे उत्तर चुंबकीय फितीचे. वॉल्ट डिस्ने यांच्या कंपनीने १९६३ मध्ये कॅलिफोर्नियात बोलके पक्षी आणि १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात बोलणारे अब्राहम लिंकन सादर केले. आवाज आणि हालचालीचे संकेत फितीवर एकत्र नोंदलेले असल्याने तोंड बोलण्याबरोबरच हलत असे.

पुण्याचे हलते देखावे पाहत आपली पिढी वाढली. त्यांत मोटार आणि कॅम होते, कॅसेटवर निवेदनही होते. पण पुष्कळदा दोघांचा एकमेकांशी संबंध नसे. राक्षसाचे वाक्य संपले तरी जबडा आपला चालूच! तरीही गर्दी हलत नसे.

आज ही आठवण चिपमध्ये आली आहे. २००५ मध्ये इटलीत जन्मलेल्या आर्डुइनोसारख्या छोट्या नियंत्रकाने हे काम विद्यार्थ्यांच्या आवाक्यात आणले. सर्वो मोटारीला सेकंदाला सुमारे ५० स्पंद मिळतात. स्पंदाची लांबी १ मिलिसेकंद असेल तर दांडी एका टोकाला जाते, २ असेल तर दुसऱ्या.

आता निवडीचा हिशेब. जबड्याचे वजन १०० ग्रॅम आणि त्याचा गुरुत्वमध्य बिजागरीपासून ६ सें.मी. धरला, तर ०.६ किलो-सें.मी. इतका जोर पुरतो. लहान सर्वोला तो झेपतो. पण कागदाच्या लगद्याचे २ किलोचे मस्तक मानेच्या सांध्यापासून ५ सें.मी. पुढे झुकले, तर १० किलो-सें.मी. लागतात. तिथे मागे प्रतिभार लावून मस्तक आधी तोलून घ्यावे. मानेसाठी मोटारगाडीच्या वायपरची १२ व्होल्टची मोटार उत्तम. तिच्या क्रँकची त्रिज्या २ सें.मी. ठेवली की दांडा ४ सें.मी. पुढेमागे सरकतो.

राहिला जबडा. बहुतेक तयार संचांत तो आवाजाच्या मोठेपणावर उघडतो. मराठीत ‘प, ब, म’ उच्चारताना तोंड मिटते, ‘आ’ म्हणताना ते सताड उघडते. असुर ‘मी’ म्हणून गरजला, तर संच नेमका मिटायच्या क्षणी तोंड उघडेल. ही वेळ मुलांनी स्वतः वाक्य म्हणून, आरशात पाहून, अक्षराअक्षराला ठरवायला हवी. ते काम कोणत्याही पेटीत विकत मिळत नाही.

मग संच घ्यावा की नाही? आमच्या कारखान्याचा इतिहास इथे उपयोगी पडतो. १९६४ मध्ये इथून पहिले डिझेल इंजिन बाहेर पडले. सुरुवातीची इंजिने अमेरिकेच्या अल्को कंपनीने पाठवलेल्या सुट्या भागांचे संच जोडूनच तयार झाली होती. त्यात कुणाला कमीपणा वाटला नाही. पण आमचे पूर्वसूरी संचावर थांबले नाहीत. एकेक भाग उघडून, मोजून त्यांनी तो देशातच घडवला. पुढे काळ बदलला, विद्युत इंजिने आली आणि २०२० मध्ये कारखान्याचे नावही बनारस रेल इंजन कारखाना झाले. दरम्यान, इंजिनाचा नुसता आवाज ऐकून दोष सांगणारे कितीतरी मिस्त्री निवृत्त झाले. त्यांचे ज्ञान फारसे कुणी लिहून घेतले नाही. जिवंत देखाव्यांच्या आणि एलईडी पडद्यांच्या काळात हलत्या देखाव्यांच्या कारागिरांचेही तेच होऊ शकते.

म्हणून माझे मत असे. सर्वो आणि नियंत्रक विकत घ्यावेत. ते आपल्या देशातही मिळतात. लाकडी सांधे काश्मीरीगंजच्या खेळणी बनवणाऱ्या कारागिरांकडून करून घ्यावेत आणि ते होत असताना मुलांनी शेजारी बसून पाहावे. मान पुण्याच्या पद्धतीने वायपर मोटारीवर, जबडा चिपवर. म्हणजे दोन पिढ्यांची विद्या एकाच मस्तकात नांदेल. सर्व मापे, वजने आणि झालेला खर्च पुढच्या स्मरणिकेत छापावा. असुर दहा दिवसांत संपेल. वही राहील, आणि ती वाचून दुसऱ्या एखाद्या गावातले मंडळ आपला असुर बोलका करील.

गणपती बाप्पा मोरया!