आगीचे आरोपी

१६६६ सालच्या २ सप्टेंबरला, मध्यरात्र उलटून गेल्यावर, लंडनच्या पुडिंग लेनमधील थॉमस फॅरिनर याच्या भटारखान्यात आग लागली. फॅरिनर कुटुंबीय वरच्या खिडकीतून शेजारच्या घरात गेले; भीतीने मागे राहिलेली मोलकरीण जळून मेली. त्या वर्षीचा उन्हाळा कोरडा गेला होता. घरे लाकडी, त्यांचे वरचे मजले अरुंद गल्ल्यांवर झुकलेले आणि थेम्सकाठच्या वखारी तेल, डांबर व चरबी यांनी भरलेल्या. त्यात पूर्वेचा सोसाट्याचा वारा. आगीच्या वाटेवरील घरे वेळीच पाडणे हाच त्या काळचा खरा उपाय होता. परंतु मालकांच्या संमतीवाचून पाडापाडी करण्यास महापौर ब्लडवर्थ कचरला. चार दिवसांत सुमारे १३,२०० घरे आणि ८७ चर्च भस्मसात झाली. सेंट पॉलचे जुने कॅथीड्रलही वाचले नाही.

एवढ्या विनाशाला इतके साधे कारण पुरते, हे लोकांना पटेना. हॉलंड व फ्रान्स यांच्याशी इंग्लंडचे युद्ध चालू होते. कॅथलिकांविषयीचा संशय तर जुनाच होता. आग धुमसत असतानाच रस्त्यांत परकीयांवर हल्ले सुरू झाले. अशा वातावरणात रॉबर्ट ह्यूबर हा रूआं येथील एका घड्याळजीचा मुलगा पकडला गेला आणि त्याने गुन्हा कबूल केला. आपण वेस्टमिन्स्टरमध्ये आग लावली, असे तो प्रथम म्हणाला. वेस्टमिन्स्टरपर्यंत ही आग पोहोचलीच नव्हती! मग त्याने पुडिंग लेनचे नाव घेतले. त्याचे बोलणे असंबद्ध होते. न्यायाधीशांपैकी वा उपस्थितांपैकी कोणीही त्याला दोषी मानत नव्हते, असे तत्कालीन लॉर्ड चॅन्सेलर क्लॅरेंडन याने लिहून ठेवले आहे. तरीही कबुली ग्राह्य धरली गेली आणि ऑक्टोबरमध्ये टायबर्न येथे त्याला फासावर चढविण्यात आले. आरोपपत्रावर सही करणाऱ्यांत फॅरिनर कुटुंबातील तिघे होते, हे विशेष. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणावे, तर येथे चोर कोणी नव्हताच. होती ती बहुधा नीट न विझविलेली भट्टी. ह्यूबरला आणणाऱ्या जहाजाच्या कप्तानाने पुढे सांगितले की, तो लंडनमध्ये उतरला तोच मुळी आग लागल्यानंतर दोन दिवसांनी.

सत्य कळले, म्हणून आरोप मिटला नाही. आगीच्या स्मरणार्थ उभारलेल्या स्तंभावर १६८१ मध्ये कॅथलिकांना दोषी ठरविणारा मजकूर कोरण्यात आला. कॅथलिक राजा दुसरा जेम्स याच्या काळात तो खोडला गेला, त्याच्या पदच्युतीनंतर पुन्हा कोरला गेला. कॅथलिक घराण्यात जन्मलेला कवी अलेक्झांडर पोप याने या दगडी असत्यावर आपल्या काव्यात प्रहार केला. तो मजकूर कायमचा निघाला १८३० मध्ये.

ही रीत लंडनने शोधून काढलेली नव्हती. इ. स. ६४ मध्ये रोम जळाले, तेव्हा स्वतःवरचा संशय टाळण्यासाठी नीरोने ख्रिस्ती लोकांना पुढे केले, असे टॅसिटस सांगतो. शिकागोत १८७१ च्या आगीचे खापर कॅथरीन ओ'लिअरी या आयरिश स्त्रीच्या गाईवर फुटले. चौकशी समितीला आगीचे कारण निश्चित करता आले नव्हते. नगर परिषदेने तिला निर्दोष ठरविले ते १९९७ मध्ये.

तोक्योत मात्र खटल्याचीही वाट कोणी पाहिली नाही. १ सप्टेंबर १९२३ रोजी भर दुपारच्या स्वयंपाकाच्या वेळी भूकंप झाला. चुलींतून उडालेल्या आगीने तोक्यो आणि योकोहामा होरपळून निघाली. भूकंप व आग मिळून लाखभर माणसे मेली. कोरियन लोक आगी लावत आहेत, विहिरींत विष कालवत आहेत, अशा अफवा उठल्या आणि गल्लोगल्ली सशस्त्र टोळ्या उभ्या राहिल्या. वाटेत अडविलेल्या माणसाकडून ‘पंधरा येन पन्नास सेन’ हे शब्द जपानीत म्हणवून घेतले जात. कोरियन जिभेला त्यांचा उच्चार अवघड. हजारो कोरियन मारले गेले. त्यांच्याबरोबर कित्येक चिनी मारले गेले आणि ज्यांची बोली तोक्योकरांना अनोळखी वाटली, असे काही जपानीही.