मिरविलेले डाग

१९४७ च्या सुमारास जॅक्सन पोलॉक हा अमेरिकन चित्रकार कॅनव्हास जमिनीवर अंथरून त्यावर रंग ठिबकवू लागला. १९५६ मध्ये तो निवर्तला. त्याची चित्रे संग्रहालयांत जाऊन बसली. तीच रीत १९७६ साली लंडनमध्ये जुन्या बाजारातील कपड्यांवर उतरली. ‘द क्लॅश’ ह्या पंक वाद्यवृंदातील पॉल सिमोनन मूळचा कलाशाळेचा विद्यार्थी. त्याने व त्याच्या सोबत्यांनी वापरलेल्या कपड्यांवर स्वहस्ते रंग शिंपडले. खिशात पैसा नव्हता, हे कारण होतेच. परंतु केवळ दारिद्र्य झाकावयाचे असते, तर साधे ठिगळ पुरले असते. डाग आपण लपवितो; ह्यांनी तो रंगमंचावर मिरविला. पुढे नव्याकोऱ्या कपड्यांवर तसलेच शिंतोडे छापून दुकानांत विकले जाऊ लागले.